नयनाच्या आवाजामागची घूंघूं

१२ मार्च

निवृत्त झाल्यावर रोज दैनंदिनी लिहीन असं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. आज लिहायला बसलो, कारण दुसरं काय करावं सुचत नाही.

नयनाच्या घशातल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. दिवाळीपासून तिचा आवाज बसलेला होता, आणि आम्ही आपले ज्येष्ठमध आणि हळदीचं दूध करत बसलो. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. गळ्याला पुढून भोक ठेवतात, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल, आवाज जाईल. निघताना त्यांनी मला त्यांच्या गुजरातीत वेगळं सांगितलं, "जनार्दनभाई, बे-त्रण अठवाडियामां पतावी दो. वधारे मोडुं ना करता." म्हणजे दोन-तीन आठवड्यांत उरका, जास्त उशीर करू नका.

रिक्षाने घरी निघालो. सुभानपुऱ्याच्या वळणावर नयना म्हणाली, "जन्मभर पहिलीच्या पोरांवर ओरडले, आता गॅरंटी संपली." मला हसू आलं नाही. तिलाही आलं नाही.

घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "अहो, मैथिलीसाठी माझ्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवू या का?"

मैथिली म्हणजे आमची नात, शर्वरीची मुलगी. कॅनडात असते, चार वर्षांची आहे. लेक आणि जावई घरात इंग्रजीच बोलतात, त्यामुळे त्या पोरीला जे काही मराठी येतं ते शनिवारच्या व्हिडिओ कॉलवर आजीकडून आलेलं. नयना तिला एक गोष्ट सांगते: विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा एक मगर आमच्या सोसायटीत शिरते आणि शेवउसळीच्या गाडीपुढे रांगेत उभी राहते. दर शनिवारी मगर नवीन काहीतरी खाते. ती पोर खिदळते, आणि खिदळताना मराठीत खिदळते असं नयनाचं म्हणणं.

मी म्हटलं, करू. आणि करायचंच तर नीट करू.

१३ मार्च

सामान जमवलं. गणपतीत माइकसाठी लावायचो तो आवाजाचा मिक्सर माळ्यावरून काढला. सोसायटीतल्या भास्कररावांकडून त्यांचा नाटकातला माइक आणला. फार चांगली वस्तू आहे, कुणाला देत नाहीत, मला दिली. यूएसबीचं साउंडकार्ड होतंच. सगळं जोडून नयनाला बसवलं. तिने मगरीची निम्मी गोष्ट सांगितली, अगदी रंगात येऊन.

ऐकलं तर मागे सतत घूंघूं. रोहित्राखाली उभं राहून बोलल्यासारखं.

दुखणं माझ्या ओळखीचं आहे. मिक्सरला एक अर्थिंग, संगणकाला दुसरं, आणि दोघांच्या मधून यूएसबीच्या तारेवाटे नको ती वीज फिरते. नंदेसरीच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आयुष्य गेलं ते हीच भुतं उतरवण्यात.

रेकॉर्डिंग पुसून टाकलं. खराब रीडिंग ठेवायचं नाही, ही आमची शिस्त. नयना म्हणाली, "राहू द्यायचं होतं ना." मी म्हटलं, याच्यापेक्षा चांगलं करू.

शर्वरीचा फोन. रडली खूप. मग म्हणाली, "बाबा, सरळ मोबाइलवर करा ना रेकॉर्ड." मी म्हटलं, मोबाइल आवाजाची साल ठेवतो आणि गर फेकतो. पोरीला आजीचा आवाज द्यायचा तर आजीचा द्यायचा, डब्यातला नको.

१६ मार्च

घरातले सगळे प्लग पालटून झाले, घूंघूं जात नाही. अर्थिंगची पिन काढली तर जाईल, पण ते मी करणार नाही. तसं केल्याने माणूस विजेला चिकटलेला मी पाहिलाय.

शेवटी यूएसबी आयसोलेटरचं किट मागवलं. तयारही मिळतं, पण ते यायला महिना, आणि किट मी एका बैठकीत जोडीन. नयनाला समजावून सांगितलं: संगणक आणि साउंडकार्ड यांच्या मधे बसवायची ही छोटी पट्टी. तिच्या दोन बाजूंना तांब्याचा संबंधच नाही. निरोप इकडून तिकडे जातो, वीज जात नाही.

"म्हणजे बोललेलं पोचतं, पण झटका बसत नाही," ती म्हणाली. "सासूबाई होत्या तेव्हा कुठे होतं हो हे?"

बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो. हसताना तिला ठसका लागला, पाणी दिलं.

२२ मार्च

किट आलं. मधली चिप दोन-तीन तांदळाच्या दाण्यांएवढी, तिचे पाय मुंगीचे. भिंग लावून, श्वास रोखून सोल्डर केलं. हात पूर्वीसारखा राहिलेला नाही, दोन पाय एकमेकांना चिकटले. सोडवायला दुपार गेली.

हॉस्पिटलमधून तारखेसाठी फोन आला होता. नयनाने घेतला. "पुढच्या आठवड्यात कळवते," म्हणाली. माझ्याकडे बघत होती, मी चिपमध्ये होतो. तिच्या मनाची तयारी होत नसणार. अशा वेळी माणसाला घाई करू नये.

तिचा आवाज आता फारच खरखरतो. मी बजावलंय, उगाच बोलून वाया घालवू नकोस, रेकॉर्डिंगसाठी जपून ठेव. तिला ते पटलेलं दिसतं. काही हवं असलं की टाळी वाजवते.

२५ मार्च

संगणक साउंडकार्डाला ओळखच देईना. सगळी सोल्डरं पुन्हा तपासली. संध्याकाळी लक्षात आलं की पट्टीवर वेग ठरवणारं एक छोटं टोक जोडायचं असतं, ते मी उलट्या बाजूला जोडलं होतं. ते किटच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी कागद वाचला नव्हता, मला वाटलं मला काय सांगणार हे.

नयनाने टाळी वाजवली, मी हात वर करून थांब म्हटलं. नंतर गेलो तर ती झोपली होती.

२८ मार्च

चाललं! पट्टी मधे लावली आणि साउंडकार्ड दिसायला लागलं. मी नयनाला हाक मारली. ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा. "बोलू आता?"

मी म्हटलं, अगं थांब, अशी नागडी पट्टी टेबलावर ठेवून काम करत नाहीत. धक्का लागला, पाणी सांडलं, तर सगळं मुसळ केरात. कारखान्यात पोरांना याच्यासाठी मी किती झापलंय. आधी डबा, मग काम.

"असंच छान दिसतंय की," ती म्हणाली. मग उठून आत गेली.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. नयनाला गच्चीपर्यंत यायचा कंटाळा आला, मी एकट्यानेच उभारली. तिने श्रीखंडच खाल्लं, पुरीला हात लावला नाही. दाढ दुखते म्हणते. ऑपरेशनच्या आधी दाढही दाखवून घ्यावी लागेल.

डबा मात्र देखणा झाला. मिठाईचा जाड पत्र्याचा होता, त्याला दोन्ही टोकांना खिडक्या कापल्या, कानशीने कडा घासल्या, दोन्ही सॉकेटं स्क्रूने घट्ट आवळली. पत्र्याला अर्थिंग दिलं. कुठल्याही इन्स्पेक्टरने बघावं.

दुपारी लावला. घूंघूं जशीच्या तशी.

मला रडू यायचं बाकी होतं. नयनाने पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, होईल, होईल. तिने नुसती मान हलवली.

४ एप्रिल

किटमधल्या वीज देणाऱ्या छोट्या भागावर माझा संशय आहे. स्वस्तातला दिलाय. चांगला मागवला.

बेडरूमचा पंखा शीळ घालायला लागलाय. बेअरिंगला तेल दिलं. नयना खाली उभी राहून बघत होती. उतरल्यावर म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हटलं, वाजतोय का बघ अजून. ती म्हणाली, "पंखा नाही वाजत." मला वाटलं, चला, एक काम तरी झालं.

शेजारच्या ज्योत्स्नाबेन ढोकळा घेऊन आल्या होत्या. जाताना दारात मला म्हणाल्या, "जनार्दनभाई, बेननुं मोढुं साव उतरी गयुं छे. दवाखाने क्यारे लई जवानां?" चेहरा उतरलाय, दवाखान्यात कधी नेणार, असं विचारत होत्या. मी सांगितलं, एक काम अर्धवट आहे, झालं की लगेच.

हॉस्पिटलमधून परत फोन. नयनाने पुन्हा पुढचा आठवडा सांगितला. मी विचारलं, "भीती वाटते का?" ती म्हणाली, "तुमचं होऊ दे आधी." किती समजूतदार बाई आहे.

९ एप्रिल

नवीन भाग बसवला. घूंघूं आहे तिथेच आहे.

नयना संध्याकाळी टेबलाशी येऊन उभी राहिली. "अहो, बसा ना जरा झोपाळ्यावर. नुसत्या गप्पा मारू." मी म्हणालो, "आत्ता? मी काय मजा करतोय इथे? तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं?" आवाज चढला माझा. ती जाऊन एकटीच झोपाळ्यावर बसली. बोलायला नको होतं तसं. उद्या माफी मागतो. पण हेही खरं की असं मधेच सोडलं तर हातून कधीच होणार नाही, आणि हे झालं नाही तर मी करायचं तरी काय? मला दुसरं काय येतं?

१३ एप्रिल

आज काही झालं नाही. दुपारी वीज गेली होती. पंखा बंद होता तरी ती शीळ ऐकू येत होती. साठी उलटली की कान वाजतात म्हणे.

नयना हल्ली तीन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपते. वाचायला बरं पडतं म्हणते. पुस्तक कुठे दिसलं नाही.

१६ एप्रिल

हे हॉस्पिटलच्या बाकड्यावर लिहितोय. पाकिटामागे लिहितोय, घरी गेल्यावर उतरवून काढीन. क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फिरेल.

दुपारी जेवणानंतर मीटर घेऊन बसलो. सहज एक टोक या सॉकेटच्या पत्र्याला लावलं आणि दुसरं त्या सॉकेटच्या. मीटर वाजला. वाजायला नको होता, या दोन बाजूंचा संबंधच नसतो, त्यासाठीच तर हे सगळं. मग दिसलं. दोन्ही सॉकेटं मी एकाच पत्र्याच्या डब्याला आवळली होती. पट्टीने जे तोडलं होतं ते माझ्या डब्याने जोडलं. पहिल्या दिवशी, टेबलावर नागडी पडली होती तेव्हाच पट्टी बरोबर होती. नयना खुर्ची ओढून समोर बसली होती. पाडव्याच्या आधी.

स्क्रू काढले, पट्टी बाहेर घेतली, लावली. घूंघूं नाही. काही म्हणजे काहीच नाही. मी लहान मुलासारखा ओरडलो.

नयना आली. भिंतीला हात लावत लावत आली हे आत्ता आठवतंय. मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. ती माइकसमोर बसली आणि म्हणाली, "मैथिली, सोनू, आजी बोलतेय. मगर काय झालं, एकदा..." मग थांबली. परत म्हणाली, "एकदा मगर..." आणि हाताने नको नको केलं. दमली म्हणाली. मी म्हटलं, काही हरकत नाही, आता यंत्र तयार आहे, सावकाश करू.

कानाला हेडफोन लावून ऐकलं. तिचे शब्द स्वच्छ होते, जवळ बसून बोलल्यासारखे. आणि शब्दांच्या मधे शीळ. बारीक, ओढल्यासारखी. "सोनू" च्या आधी एक. "आजी" च्या आधी एक. परत लावलं. परत लावलं. पंखा बंद होता. वीज नव्हती त्या दिवशीही पंखा बंद होता.

मी उठलो, तिच्या पाठीला कान लावला. तिथे तीच शीळ. श्वास आत घेताना, दर वेळी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाडव्याच्या आधीपासून," ती म्हणाली.

ज्योत्स्नाबेनच्या मुलाने गाडी काढली. इथे आल्यावर बघितल्याबरोबर धावपळ सुरू झाली. श्वासाची वाट जवळजवळ बंद झालीय म्हणाले, आत्ताच गळ्याला भोक पाडायचं. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं. तिने माझा हात धरला, तोंड उघडलं, काहीतरी सांगणार होती. मी म्हणालो, "बोलू नकोस. आवाज जप."

तिने ऐकलं. गेला महिनाभर ऐकत होती तसंच. तोंड मिटलं आणि तिला आत नेलं.

हे मी काय बोलून बसलो. कशासाठी जपायचा होता आता आवाज?

२६ एप्रिल

शर्वरी आलीय. मोठं ऑपरेशन परवा झालं. स्वरयंत्र काढलं, मानेच्या गाठीही काढल्या. कॅन्सर त्यांच्यातही पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी आवाज न चढवता सांगितलं की मार्चमध्ये आला असतात तर हे फक्त घशापुरतं राहिलं असतं. आता किरणं द्यावी लागतील, आणि पुढचं कुणी सांगू शकत नाही.

मी शर्वरीला म्हणालो, "तुझ्या आईचीच तयारी होत नव्हती गं. ती तारखा पुढे ढकलत होती."

शर्वरी बाहेरच्या व्हरांड्यात होती, सगळ्यांसमोर मोठ्याने बोलली. "तिची? बाबा, मी रोज तिच्याशी भांडत होते फोनवर. ती म्हणायची, त्यांच्या हातात काहीतरी आहे म्हणून ते उभे आहेत. ते काढून घेतलं तर कोसळतील. त्यांचं ते यंत्र होऊ दे, मग जाते. श्वास लागतोय हे त्यांना सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. मी मोबाइलवर करा म्हटलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं, बाबा."

मला वाटत होतं मी तिच्यासाठी थांबलोय. ती माझ्यासाठी थांबली होती. दोघंही एकमेकांना सांभाळत बसलो आणि गाठ वाढत राहिली.

मी खाली बसलो. शर्वरीने पाणी आणून दिलं. नंतर तीही शेजारी बसून रडली.

४ मे

नयना आज उशीला टेकून बसली. गळ्याला नळी आहे, नाकातून खाणं देतात. चेहरा मात्र तिचाच आहे, मला भीती होती तसा परका नाही झालेला.

ती ओठांनी बोलते. आवाज नाही, फक्त ओठ हलतात. सकाळी मी आत गेलो तर माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मला समजेना. तिने पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, पाणी? उशी? नर्सला बोलावू? शर्वरी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने एकदा वळून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का विचारतेय."

इतकी वर्षं हेच विचारत आलीय ती मला, रोज. आणि मला ओळखता आलं नाही. मी बहुतेक ते नुसतं ऐकायचो, विचारताना तिच्याकडे कधी बघत नव्हतो.

दुपारी शर्वरी औषधं आणायला गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "त्या दिवशी, दाराशी, तू काय सांगणार होतीस?"

तिने जरा आठवल्यासारखं केलं. मग सांगितलं. बरंच मोठं होतं. मी तिच्या ओठांकडे डोळे ताणून बघत राहिलो, एक शब्द लागला नाही. मोबाइल पुढे केला, यावर लिही म्हटलं. तिने तो बाजूला सारला आणि परत सगळं सांगितलं, सावकाश, पहिलीच्या पोराला सांगावं तसं. मला "घर" असं काहीतरी दिसलं. किंवा "बरं" असेल.

मी म्हटलं, "हो. कळलं."

ती हसली. हसण्याचाही आवाज नाही आता, फक्त खांदे हलतात. मग तिने मान हलवली, नाही कळलेलं तुम्हाला. तेवढं मला नीट समजलं.

उद्या परत विचारणार आहे. ती सांगेल तेवढ्या वेळा बघत बसणार आहे.